गिळलेला जंतू आणि अडलेला निरोप

यवतमाळ जिल्ह्यात संयुक्त शोधमोहीम सुरू झाली की आशा सेविका प्रत्येक दारात दोन प्रश्न विचारतात. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, हात लावलेला न कळणारा चट्टा आहे का? झरी-जामणीतला कोलामांचा पोड असो, पुसदची दाट वस्ती असो की राळेगावकडचे कापूसकऱ्यांचे गाव, प्रश्न हेच असतात. पहिला क्षयरोगासाठी, दुसरा कुष्ठरोगासाठी. एक आजार मुख्यतः फुप्फुसाचा, दुसरा कातडीचा आणि नसांचा. वेळ आणि माणूसबळ वाचावे म्हणून या दोन मोहिमा एकत्र आल्या. पण जीवशास्त्राच्या दृष्टीनेही ही जोडी पक्की आहे. दोन्ही रोगांचे जंतू मायकोबॅक्टेरियम या एकाच कुळातले आहेत आणि शरीरात शिरल्यावर दोघेही एकाच प्रकारच्या पेशीत बिऱ्हाड करतात. तिचे नाव मॅक्रोफेज, मराठीत महाभक्षक पेशी. जंतूला गिळून संपवणे हेच तिचे काम.

म्हणजे ज्या पेशीने मारायचे, तिच्याच पोटात हे जंतू वर्षानुवर्षे जगतात.

ही पेशी दुबळी नसते. ती जंतूला ओळखते, धरते, गिळतेसुद्धा. पुढचे काम मात्र होत नाही. गिळणे आणि मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायचे तर पेशीच्या आत प्रथिनांच्या एका लांब साखळीतून निरोप पोहोचावा लागतो. कोणता निरोप पोहोचतो आणि कोणता वाटेत अडतो, यावर माणसाच्या अंगावर एकच चट्टा उठेल की चेहरा, कान, हातपाय जंतूंनी भरून जातील हे ठरते. ज्या विदर्भाने कुष्ठसेवेची एवढी मोठी परंपरा उभी केली, तिथल्या वाचकाला या सूक्ष्म घडामोडीची ओळख असायलाच हवी.

घरोघर जाऊन रुग्ण शोधायची पद्धतही शेजारच्या वर्ध्यातच घडली. तिथे १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तिन्हींची सांगड घालणारी कार्यपद्धती डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी तिथे बसवली. रुग्णाने दवाखान्यात यायची वाट पाहायची नाही, आपणच त्याच्या घरी जायचे, हा तिचा गाभा. देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने पुढे हीच पद्धत उचलली.

वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा येते. तिथे वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. त्या काळी संशोधकांपुढे एक अवघड पेच होता. नॉर्वेच्या आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू दाखवून दिला होता. पण तो ना काचेच्या नळीत वाढत होता, ना प्रयोगशाळेतल्या प्राण्यात. मग औषधाची परीक्षा कशावर करायची? बाबांनी आपले शरीर पुढे केले आणि कुष्ठजंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. प्रयोग म्हणून तो प्रयत्न निष्फळ ठरला. हा जंतू उंदराच्या तळपायात वाढतो हे १९६० साली कळले आणि आर्मडिलो या खवल्यांच्या प्राण्याचा उपयोग १९७०च्या दशकात सुरू झाला. आजही काचेच्या बशीत तो वाढवता आलेला नाही.

एका माणसाच्या उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. पण बाबांच्या शरीरात जे घडले ते बहुसंख्य लोकांच्या शरीरात घडते. सुमारे ९५ टक्के माणसांना जंतूशी संपर्क आला तरी कुष्ठरोग होत नाही. त्यांच्या महाभक्षक पेशी जंतूला गिळतात आणि वेळेवर आलेल्या निरोपानुसार त्याला संपवतात. ज्यांच्यात हे घडत नाही ते कमनशिबी असतात, दोषी नसतात. पूर्वजन्मीच्या पापाची जी गोष्ट शतकानुशतके या रुग्णांच्या माथी मारली गेली, तिला या विज्ञानाने कणभरही आधार ठेवलेला नाही.

पेशी परक्या वस्तूला गिळते, हे पहिल्यांदा नीट पाहिले ते इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना शहरात त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत गुलाबाचा बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती हालचाल करणाऱ्या पेशींचा घोळका जमलेला दिसला. या कामाबद्दल १९०८ साली त्याला पॉल अर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळाले. या मेचनिकॉव्हचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६ साली मुंबईत आला, प्लेगची लस तयार करून त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि परळच्या ज्या संस्थेला पुढे त्याचे नाव मिळाले तिथे महाराष्ट्रातल्या जंतुशास्त्राचा पाया रचला गेला.

मेचनिकॉव्हने पाहिलेल्या त्या घोळक्यात दोन प्रश्न दडलेले होते. पेशी काट्यापर्यंत येऊन थांबल्या कशा? आणि मग तोंड नसताना त्या गिळतात कशा?

आधी थांबण्याचे पाहू. महाभक्षक पेशींची नवी कुमक अस्थिमज्जेतून निघते आणि मोनोसाइट या रूपात रक्तातून वाहत असते. रक्ताचा वेग त्यांना कुठेच टिकू देत नाही. जिथे जंतू शिरलेला असतो तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर मात्र काही चिकट प्रथिने उगवतात. मोनोसाइट आधी त्यांना अडखळत, गडगडत पुढे सरकते. त्या भिंतीवरच आजूबाजूच्या पेशींनी पाठवलेले रासायनिक निरोपही असतात. ते मोनोसाइटच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनांना लागले की पेशीच्या आत रॅप-१ नावाचे एक छोटे प्रथिन जागे होते. ते टॅलिन या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावते. टॅलिन जाऊन इंटेग्रिनच्या शेपटीला आतून पकडते.

इंटेग्रिन हा या गोष्टीतला मुख्य दुवा. पेशीचे आवरण भेदून त्याचे एक टोक आत, एक बाहेर असते. एरवी बाहेरचा भाग न उमललेल्या बोंडासारखा मिटलेला राहतो आणि कशालाच धरत नाही. टॅलिनने आतून ओढ दिली की तो उघडतो, लांब होतो आणि भिंतीवरच्या प्रथिनाला घट्ट धरतो. चिकटणे ही पेशीच्या अंगची कायमची गोष्ट नाही, तो आतून दिलेला हुकूम आहे. आणि एकदा पकड बसली की उलट दिशेनेही निरोप जातो. इंटेग्रिनने बाहेर काय धरले आहे ही खबर आत सार्क कुळातल्या आणि सिक नावाच्या प्रथिनांपर्यंत पोहोचते, पेशीचा सांगाडा बदलतो, पेशी पसरते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत ऊतींमध्ये उतरते. तिथे ती अ‍ॅक्टिन या धाग्यासारख्या प्रथिनाचे बारीक बारीक पाय रोवते. हे पाय काही मिनिटांत बनतात आणि मोडतात, म्हणूनच पेशी एकाच वेळी चिकटूही शकते आणि चालूही शकते.

हा हुकूम पाळायला इंटेग्रिनच नसेल तर काय होते, ते काही दुर्दैवी बालकांत दिसते. सीडी१८ या इंटेग्रिन घटकाच्या जनुकात दोष असला की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट चिकटू शकत नाहीत. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेच्या जागी त्या पोहोचतच नाहीत, म्हणून पू होत नाही. अशा बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत पडायची ती तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही, आणि अनुभवी डॉक्टरला पहिला संशय तिथेच येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने अशा अनेक भारतीय मुलांचे निदान करून त्यांच्या जनुकांतले दोष नोंदवले आहेत. आजार गंभीर असेल तर अस्थिमज्जारोपण हाच खात्रीचा इलाज उरतो.

आता गिळण्याकडे. जंतूवर प्रतिपिंडे चिकटलेली असली तर महाभक्षक पेशीची एफसी ग्राहके त्यांच्या शेपट्या ओळखतात. ग्राहके एकत्र गोळा झाली की सार्क कुळातली प्रथिने त्यांच्या आतल्या टोकांवर फॉस्फेटची खूण करतात. त्या खुणेवर सिक येऊन बसते. मग आवरणातल्या चरबीच्या रेणूंत बदल होतात, रॅक आणि सीडीसी४२ ही छोटी प्रथिने चालू होतात, आणि अ‍ॅक्टिनचे धागे वाढून पेशीचे आवरण जंतूभोवती वर चढू लागते. काही मिनिटांत जंतू एका बंद पिशवीत आत जातो. या मार्गाने गिळताना पेशी खवळलेली असते. जंतूला घातक अशी ऑक्सिजनची संयुगे त्याच वेळी तयार होऊ लागतात.

गिळायचा दुसराही मार्ग आहे आणि कुष्ठरोग समजायला तोच महत्त्वाचा. रक्तात पूरक प्रथिने असतात. ती जंतूवर जाऊन चिकटतात आणि महाभक्षक पेशीचे सीआर३ हे ग्राहक त्यांना धरते. हे सीआर३ म्हणजे दुसरे-तिसरे कुणी नसून वर पाहिलेल्या इंटेग्रिनांपैकीच एक. त्यात तोच सीडी१८ घटक आहे. ज्या प्रथिनाने पेशी रक्तवाहिनीला चिकटते, त्याच प्रथिनाने ती जंतू गिळते. चिकटणे आणि गिळणे यांची नाती किती जवळची आहेत हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण सापडणार नाही. लंडनमध्ये इमॅन्युएल कॅरॉन आणि अ‍ॅलन हॉल यांनी १९९८ साली दाखवले की या दोन मार्गांची आतली सूत्रेही वेगळी आहेत. एफसी मार्गाला रॅक आणि सीडीसी४२ लागतात, तर सीआर३ मार्गाला ऱ्हो हे प्रथिन. एफसी मार्गात आवरण जंतूभोवती वर चढते, तर सीआर३ मार्गात जंतू अलगद आत बुडतो. आणि मुख्य म्हणजे सीआर३ मार्गाने गिळताना पेशी सहसा खवळत नाही.

कुष्ठजंतू नेमका याच दाराने येतो. त्याच्या अंगावर पीजीएल-१ नावाचा मेणासारखा पदार्थ भरपूर असतो, आणि हा विशिष्ट पदार्थ फक्त याच जंतूकडे आहे. अमेरिकेत लॅरी श्लेसिंजर आणि मार्कस हॉरविट्झ यांनी १९९१ साली दाखवून दिले की पीजीएल-१ रक्तातल्या पूरक प्रथिनांना स्वतःहून ओढून घेते आणि त्यांच्या आधारे जंतू मोनोसाइटमध्ये शिरतो. शरीराने बचावासाठी उभारलेल्या यंत्रणेचाच तो प्रवेशासाठी उपयोग करतो. पेशीत शिरण्यावाचून त्याला गत्यंतरही नाही. २००१ साली त्याच्या जनुकसंचाचे पूर्ण वाचन झाले तेव्हा दिसले की क्षयजंतूकडे सुमारे ४,००० जनुके चालू असतात, तर याच्याकडे जेमतेम १,६००. बाकीची मोडून पडलेली आहेत. पेशीबाहेर स्वतःच्या बळावर जगण्याची क्षमताच त्याने गमावली आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणूनच जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही जातात.

आत गेल्यावर पिशवीचे पुढे काय व्हायचे हेही प्रथिनेच ठरवतात. पिशवीवर आधी रॅब५ हे प्रथिन असते, मग त्याच्या जागी रॅब७ येते, आणि त्या खुणेवरून आम्ल व पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोमशी ती जोडली जाते. तिथे जंतूचा शेवट. मायकोबॅक्टेरिया हा बदल होऊ देत नाहीत. पिशवीभोवती कोरोनिन हे प्रथिन टिकून राहते आणि लायसोसोमशी जोडणी टळते; क्षयजंतूच्या कुळात हे १९९९ साली दिसून आले. कुष्ठजंतू शिवाय पेशीला चरबी साठवायला लावतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी फेसाळलेली दिसते. रुडॉल्फ विर्शो यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेल्या ‘लेप्रा पेशी’ त्या याच. रुग्णाच्या कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन, काचेवर द्रव घेऊन तपासतात, तेव्हा जंतूंचे जे गठ्ठे दिसतात ते बहुतेक अशाच पेशींतून आलेले असतात. कानाची पाळी अंगाच्या मानाने थंड असते आणि या जंतूला थंड जागा मानवते, म्हणून तपासणीसाठी तीच निवडली जाते.

एकाच जंतूमुळे होणारा हा आजार माणसामाणसांत इतका वेगळा का दिसतो? रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली याची मांडणी केली, ती आजही वापरात आहे. एका टोकाला एक-दोन बधिर चट्टे आणि जंतू जवळजवळ नाहीत. तिथे महाभक्षक पेशी एकमेकींना घट्ट बिलगून गाठ बनवतात आणि आतले जंतू संपवतात. दुसऱ्या टोकाला चेहरा सुजट, भुवया झडलेल्या आणि कातडीत असंख्य जंतू. तिथे पेशी फेसाळ, सैल, विखुरलेल्या. गिळणे दोन्हीकडे आहे. पेशींनी एकमेकींना धरणे आणि आतला जंतू मारणे फक्त पहिल्या टोकाला आहे.

या दुसऱ्या टोकाच्या पेशींत काय बिघडते, याचा शोध घेणाऱ्यांत मुंबईचे नाव अग्रभागी येते. कुष्ठरोगाने वाकलेली बोटे आणि बसलेली नाके शस्त्रक्रियेने सावरणारे जे. जे. रुग्णालयाचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंटिया यांना केवळ हात सरळ करून समाधान वाटत नव्हते. नस का मरते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये त्यांनी पी. आर. महादेवन, तन्नाझ बिर्दी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या सुमारास रुग्णांच्या रक्तातल्या मोनोसाइट बशीत वाढवल्या आणि त्यांना जिवंत कुष्ठजंतू दिले. जंतू आत गेल्यावर बहुजंतू प्रकारच्या रुग्णांच्या पेशींची प्रतिपिंड लावलेल्या तांबड्या पेशी पकडायची क्षमता घटली. म्हणजे एफसी ग्राहकांचे काम मंदावले. लिम्फोसाइट या दुसऱ्या बचावपेशींनी त्यांना बिलगणेही कमी झाले. हे बिलगणे महत्त्वाचे, कारण मारण्याचा हुकूम लिम्फोसाइटकडून येतो. जवळ येऊन भेटच झाली नाही, तर हुकूम पोहोचणार कसा? संदेशवाहक प्रथिनांचे आजचे नकाशे हाती नसताना, साध्या साधनांनी, मुंबईच्या या गटाने दुखण्याच्या मुळाशी बोट ठेवले. हे काम आज मराठी वाचकांत फारसे कुणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

तो हुकूम म्हणजे प्रामुख्याने इंटरफेरॉन-गॅमा. लिम्फोसाइटने सोडलेले हे प्रथिन महाभक्षक पेशीला लागले की जॅक आणि स्टॅट-१ ही प्रथिने निरोप थेट केंद्रकापर्यंत नेतात आणि पेशी जंतूमारक अवस्थेत जाते. याच्या उलट आयएल-१० हे प्रथिन तिला शांत करते. २००९ साली लॉस एंजेलिसच्या एका गटाने मोठी गोष्ट दाखवली. आयएल-१०च्या प्रभावाखालच्या पेशी भरपूर गिळतात, जंतूबरोबर चरबीही साठवतात, पण मारत नाहीत. आयएल-१५ मिळालेल्या पेशी कमी गिळतात, पण ड जीवनसत्त्वाच्या साखळीतून जंतूमारक प्रथिने बनवतात. बहुजंतू रुग्णांच्या कातडीत पहिल्या प्रकारच्या पेशी आढळल्या, अल्पजंतू रुग्णांत दुसऱ्या. गिळणे आणि मारणे हे खरोखरच दोन वेगळे कार्यक्रम निघाले.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात या आधीच एक तितकीच डोळे उघडणारी गोष्ट सापडली होती. भास्कर साहा आणि त्यांचे सहकारी काला-आजाराच्या भाऊबंदांपैकी असलेल्या लेशमानिया परजीवीवर काम करत होते. हा परजीवीही महाभक्षक पेशीतच राहतो. लिम्फोसाइट ज्या सीडी४० ग्राहकाला स्पर्श करून महाभक्षक पेशीला जागे करते, त्याच्यावर त्यांनी लक्ष ठेवले. २००४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यांनी मांडले की एकाच सीडी४०मधून दोन परस्परविरोधी निरोप निघतात. स्पर्श हलका असेल तर निरोप ईआरके प्रथिनामार्फत जातो, आयएल-१० तयार होते आणि परजीवी सुखाने जगतो. स्पर्श जोरकस असेल तर पी३८ प्रथिन पुढे येते, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि परजीवी मरतो. परजीवी हे पारडे ईआरकेच्या बाजूला झुकवतो. उंदरांत ईआरकेला रोखले तेव्हा परजीवी कमी झाले. २००९ साली याच गटाने पुढचा टप्पा दाखवला. परजीवी पेशीच्या आवरणातले कोलेस्टेरॉल कमी करतो, त्यामुळे सीडी४०भोवती जमणाऱ्या प्रथिनांची मांडणीच बदलते. ग्राहक तेच, स्पर्श तोच, तरी आत पोहोचणारा निरोप वेगळा.

इथे कुणाला वाटेल की पेशीला सतत खवळवत ठेवले तर प्रश्न सुटेल. कुष्ठरोग तेही करू देत नाही. बडोद्यात वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली झेब्रामाशाच्या पारदर्शक पिल्लांत कुष्ठजंतू सोडून जिवंत नसांवर काय होते ते पाहिले. गस्त घालणाऱ्या महाभक्षक पेशी नसांवरून सरकत होत्या. ज्यांच्या आत पीजीएल-१ होते त्या नायट्रिक ऑक्साइड बनवू लागल्या. त्याने नसेतली ऊर्जाकेंद्रे बिघडली आणि नसेवरचे वेष्टण सुटत गेले. जंतू मारण्यासाठी जे अस्त्र उगारायचे, त्याचीच झळ नसेला लागली.

शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते यवतमाळला वेगळे सांगायला नको. कोपराच्या आतल्या बाजूची नस गेली की करंगळी आणि शेजारचे बोट वाकते, हाताच्या त्या बाजूची संवेदना जाते. वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांची टोके बोटांना ओरबाडतात आणि ते कळत नाही. गरम तवा कळत नाही. बाभळीचा काटा तळपायात शिरला तर त्याची बातमी महाभक्षक पेशींना लगेच लागते, त्या तिथे जमतातही. ज्याचा पाय त्यालाच ती लागत नाही. तो माणूस त्या पायावर दिवसभर चालतो आणि जखम हाडापर्यंत जाते. बोटे कुष्ठजंतू खात नाही, ती अशा न कळलेल्या जखमांनी झडतात. म्हणून हातपाय रोज पाण्यात भिजवणे, तेल लावणे, डोळ्यांनी तपासणे आणि पायात मऊ तळाची चप्पल घालणे, या सल्ल्याला गोळीइतकीच किंमत आहे.

गोळी मात्र खरोखर समर्थ आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांचा बहुऔषधी उपचार १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आला, आणि जिथे तो सर्वांत आधी राबवला गेला त्या जिल्ह्यांत वर्धा होता. बहुजंतू रुग्णाला तो बारा महिने मिळतो, मोफत. पहिल्या काही डोसांनंतर रुग्णाकडून इतरांना लागण होत नाही. यातले क्लोफाझिमिन महाभक्षक पेशींतच साठते, तिथे त्याचे लालसर स्फटिक तयार होतात, आणि रुग्णाची कातडी काळपट-तांबूस होते. अनेकजण, विशेषतः तरुण मुली, या रंगाला घाबरून गोळ्या बंद करतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत हा रंग हळूहळू उतरतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

संदेशाच्या साखळीवरच काम करणारे औषध कुष्ठरोगात अपघाताने सापडले. १९६४ साली जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन यांनी ताप आणि दुखऱ्या लाल गाठींनी तळमळणाऱ्या रुग्णाला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले. झोप लागली आणि गाठीही ओसरल्या. मोनोसाइटमधून येणारे टीएनएफ हे दाहक प्रथिन हे औषध कमी करते, हे १९९१ साली कळले. गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होतात, म्हणून गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रियांना ते कडक खबरदारीशिवाय देता येत नाही.

अशा उद्रेकांना वैद्यकात ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. ती उपचार चालू असताना येऊ शकते आणि गोळ्या संपल्यावरही. जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपराची किंवा गुडघ्यामागची नस ठणकते, पावलाला चप्पल धरवत नाही, डोळा पूर्ण मिटत नाही. गावात लगेच बोलले जाते की रोग उलटला, औषध बाधले. बहुतेक वेळा तसे नसते. मेलेल्या जंतूंचे अवशेष पेशींत उरलेले असतात, लिम्फोसाइट त्यांना आता ओळखू लागलेले असतात, आणि इतके दिवस अडलेला निरोप एकदम जोराने पोहोचतो. अशा वेळी बहुऔषधी उपचार चालू असेल तर तो थांबवायचा नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्याच दिवशी गाठायचे. तिथे नसांची ताकद आणि स्पर्श तपासून प्रेडनिसोलोन सुरू करतात. ते पेशीतल्या दाहक निरोपांना दाबते, आणि त्याचा डोस कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवत आणतात. नसेची शक्ती जाऊन सहा महिन्यांपेक्षा कमी काळ झाला असेल, तर ती परत येण्याची चांगली आशा असते.